डाव मांडण्याआधीची बैठक

कल्याणच्या कोर्टात आम्ही अठरा वर्षे वकिली करतो आहोत. एवढ्या वर्षांत हाताखालून गेलेली दिवाणी प्रकरणे आठवली तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. भागीदारी मोडलेली असो, भाडेकरूशी वाद असो की सख्ख्या भावांची वाटणी असो, पक्षकार समोर बसला की त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते. "साहेब, हे तर गृहीतच होतं." समोरच्या बाजूच्या पक्षकाराला विचारले तर तोही हेच सांगतो, फक्त त्याचे गृहीत वेगळे असते. बहुतेक वेळा दोघेही खोटे बोलत नसतात. आधी जे बोलून घ्यायला हवे होते ते कोणी बोललेलेच नसते.

आज आम्ही ज्या विषयावर लिहिणार आहोत तो पाहून आमचे काही वाचक कपाळाला हात लावतील. शिष्यवृत्ती, अनुशेष, ॲट्रॉसिटीचे खटले यांवर लिहिणारा माणूस एकदम खेळावर कसा आला? होय, खेळावरच लिहितो आहोत. आणि तोही कॅरम किंवा कबड्डी नव्हे, तर आपल्या वस्त्यांमध्ये अजून फारसा न पोहोचलेला, शहरातल्या कॉलेजच्या पोरांमध्ये मात्र बराच रुजलेला एक खेळ. आमच्या घरात तो आमच्या भाचीमुळे आला. आला तेव्हा आम्ही त्याला पोरखेळ म्हणालो होतो. आता तसे म्हणत नाही.

खेळ थोडक्यात असा. चार ते सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण सूत्रधार असतो, त्याला पोरे 'डीएम' म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही एका किल्ल्याच्या दारात उभे आहात, आतून रडण्याचा आवाज येतो आहे, काय करता?" खेळाडू सांगतात आम्ही हे करतो. जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच कथा महिनोन्महिने चालते. या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि त्याचा सहकारी डेव्ह अर्नेसन यांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, एवढाच पसारा. आज तो हॅस्ब्रो या मोठ्या खेळणी कंपनीच्या मालकीचा आहे. २०१६ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली, तिच्यातली मुले हाच खेळ खेळताना दिसली, आणि आपल्याकडच्याही पुष्कळ मुलांना तो माहीत झाला.

या खेळात फासे आणि पुस्तके ही दुय्यम गोष्ट आहे. खेळण्याचे खरे साहित्य म्हणजे टेबलाभोवती बसलेली माणसे. त्यांची कल्पना, त्यांची भाषा, त्यांची चेष्टा आणि त्यांच्या घरातून ती जे काही घेऊन आली आहेत ते सगळे. म्हणूनच या खेळातल्या जाणत्या लोकांनी एक पद्धत पाडली आहे. नवा गट जमला की पहिल्या दिवशी खेळायचेच नाही. फक्त बसायचे आणि बोलायचे. कोणाला काय हवे आहे, कोणाला काय नको आहे, वेळ कोणती, नियम कोणते. या बैठकीला 'सेशन झिरो' म्हणतात. शून्यावी बैठक म्हणा हवे तर. अनेक वर्षे ही रीत खेळणाऱ्यांमध्ये तोंडोतोंडी चालत आली आणि २०२० साली निघालेल्या या खेळाच्या अधिकृत पुस्तकात तिला स्वतंत्र जागा मिळाली.

ही बैठक झाली नाही तर काय होते, ते आम्हाला भाचीकडून कळले. २०२२ साली ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजातल्या एका गटाने तिला खेळायला बोलावले. सूत्रधार वरच्या वर्गातला मुलगा. तिच्याच शब्दांत सांगायचे तर 'एकदम भारी', प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढणारा. तिने पात्र घेतले ते अर्ध-ऑर्कचे. ऑर्क म्हणजे या खेळातली एक दांडगी, कुरूप समजली जाणारी जमात. तिला ते आवडले, कारण त्याची ताकद जास्त. दोन बैठका छान गेल्या. तिसऱ्या बैठकीत कथा एका गावात आली. गाव आपल्याकडच्यासारखे, मधोमध विहीर. हिचे पात्र पाणी प्यायला गेले तर गावकऱ्यांनी अडवले. तू जन्माने ऑर्क, तू विहिरीला शिवायचे नाही. सूत्रधाराला वाटले, काय जिवंत प्रसंग रंगला! दुसऱ्या एका खेळाडूने लगेच गावच्या पुजाऱ्याचे सोंग घेतले आणि टेबलावरची बिसलेरीची बाटली उचलून, वरून ओंजळीत पाणी ओतल्याचा अभिनय केला. सगळे हसले. भाचीही हसली.

पाणी हा आपल्या समाजासाठी काय विषय आहे, २० मार्च १९२७ रोजी महाडला काय घडले, हे या दैनिकाच्या वाचकाला आम्ही सांगण्याची गरज नाही. त्या टेबलावरच्या मुलांना मात्र आपण कोणासमोर काय करतो आहोत याचा पत्ताच नव्हता. त्या रात्री भाचीला झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात तिने परीक्षेचे निमित्त सांगितले, त्याच्या पुढच्या आठवड्यात तब्येतीचे, आणि मग त्यांनी बोलावणे बंद केले. तो सूत्रधार आजही तिला भेटला की विचारतो, "अगं, तू खेळायचं का सोडलंस?" त्याला खरोखरच माहीत नाही.

हे तिने आम्हाला सांगितले ते दोन वर्षांनी, शिक्षण संपवून ऐरोलीला नोकरी लागल्यावर आणि आमच्याकडे राहायला आल्यावर. आम्ही ऐकले आणि आमच्यातला कार्यकर्ता उसळून आला. आम्ही म्हणालो, "अगं, तिथल्या तिथे उठून सुनवायचं होतंस! सांगायचं होतंस आपण कोण आहोत ते. कशाची लाज?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, मी खेळायला गेले होते. मोर्चाला नव्हते गेले."

आम्ही गप्प बसलो. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हाला रागच आला होता. नंतर विचार करता लक्षात आले की तिचे म्हणणे वकिलाने तरी समजून घ्यायला हवे होते. तिला त्या टेबलावर आपली जात सांगायची नव्हती आणि ती सांगण्याची सक्ती तिच्यावर कोणी करू शकत नाही. हॉस्टेलमध्ये, वर्गात, 'तुझा सीईटीचा स्कोअर किती' या प्रश्नामागे दडलेला खरा प्रश्न तिने चार वर्षे ऐकला होता. शनिवारचे तीन तास तिला त्या प्रश्नापासून सुटका हवी होती. खेळात दुसरे कोणी होता येते म्हणूनच ती तिथे गेली होती. तिथेही विहिरीवर तिलाच उभे केले गेले, आणि विरोध करायचा तर आधी स्वतःची ओळख उघडी करा, ही अट! अन्याय थांबवण्याची किंमत अन्याय झालेल्याने भरायची, हा व्यवहार आम्ही कोर्टात रोज पाहतो. तो टेबलावरही तसाच चालतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

मग कुतूहल म्हणून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. पहिली गोष्ट कळली ती अशी की या खेळाच्या मुळातच जन्माचा प्रश्न आहे. १९७४ पासून पात्र तयार करताना खेळाडूला आधी 'रेस' निवडावी लागे. माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे. पुढे कोणत्या जमातीचे बळ जास्त, कोणाची बुद्धी कमी, याचे आकडे पुस्तकातच छापले गेले आणि काही जमाती सरसकट दुष्ट म्हणून नोंदल्या गेल्या. जन्मावरून गुण ठरवायचे! हे वाचताना आम्हाला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. समुद्रापलीकडच्या माणसांनी मनोरंजनासाठी जग रचले तरी त्यात जन्माची उतरंड आपोआप आलीच. पण तिथल्याच खेळाडूंनी हा प्रश्न लावून धरला. २०२० साली कंपनीला जाहीर करावे लागले की ऑर्कसारख्या जमातींना जन्मतः दुष्ट दाखवणे योग्य नव्हे. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्दच गेला, त्या जागी 'स्पीशीज' आला. शब्द बदलला म्हणून मन बदलते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडेही शब्द कित्येकदा बदलले. तरी पन्नास वर्षांनी का होईना, पुस्तक दुरुस्त होते, हे नोंदवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कळली ती त्यांच्या साधनांची. रॉन एडवर्ड्स नावाच्या खेळकाराने २००३ साली 'लाइन' आणि 'व्हेल' अशा दोन कल्पना मांडल्या. आम्ही त्यांना रेषा आणि पडदा म्हणू. रेषा म्हणजे जी गोष्ट आपल्या कथेत येणारच नाही, आली तर खेळ थांबेल. पडदा म्हणजे जी गोष्ट कथेत घडली तरी चालेल, पण ती टेबलावर रंगवायची नाही, आपल्या जुन्या सिनेमात दोन फुले एकमेकांवर डोलताना दाखवत त्याप्रमाणे पडद्याआड ठेवायची. जॉन स्टॅव्ह्रोपोलस याने यापुढचे पाऊल टाकले. टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवायचे, त्यावर मोठी फुली. खेळ चालू असताना कोणालाही नको ते घडू लागले तर त्याने कार्डाला हात लावायचा. जे चालले होते ते तिथेच गाळायचे आणि पुढे जायचे. आणि यात कळीची अट अशी की कारण विचारायचे नाही.

कारण विचारायचे नाही! वाचकहो, ही तीन शब्दांची अट ज्याने घातली त्याला माणसांची पारख होती असे आम्ही म्हणू. आमच्या भाचीला नेमके हेच हवे होते. तिला भाषण करायचे नव्हते, ओळख सांगायची नव्हती, कोणाला दोषी ठरवायचे नव्हते. विहिरीचा प्रसंग तिथेच थांबावा, एवढेच हवे होते.

इथे कायद्याचे दोन शब्द सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, वाचकांनी क्षमा करावी. आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे कलम १३ सांगते की दोन किंवा अधिक माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तरच ती संमती. पुण्याच्या त्या गटात सगळे 'खेळायला' राजी होते, पण एकाच अर्थाने नव्हते. सूत्रधाराच्या मनात खेळ म्हणजे अंगावर काटा आणणारे नाटक होते, पुजारी झालेल्या मुलाच्या मनात टवाळी होती आणि भाचीच्या मनात सुटका. कलम १४ म्हणते की संमती मुक्त हवी. आणि कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. दोघांच्या संबंधात एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा जागी असेल आणि त्या जागेचा गैरफायदा घेत असेल, तर ती संमती खरी धरता येत नाही. या खेळातला सूत्रधार अशाच जागी बसलेला असतो. पाऊस पाडणे त्याच्या हाती, राक्षस आणणे त्याच्या हाती, गावकऱ्यांच्या तोंडचे शब्द त्याच्या हाती. त्यात तो वरच्या वर्गातला, चांगल्या इंग्रजीतला, पुस्तके विकत घेऊ शकणारा असला की मग बघायलाच नको. टेबलावर करार कायदा लागू होतो असे आम्ही म्हणत नाही, कोणी नोटीस पाठवू नये! पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जे दिसले ते शनिवारी संध्याकाळी फासे टाकणाऱ्यांनाही दिसायला हरकत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाचीने पुन्हा खेळायचे ठरवले. ऑफिसातली एक मुलगी, तिच्या ओळखीचा डोंबिवलीचा एक मुलगा, उल्हासनगरचा एक आणि एक शाळामास्तर असे पाच जण जमले. डोंबिवलीचा मुलगा सूत्रधार. बैठकीला जागा नव्हती म्हणून रविवारी दुपारी आमच्या ऑफिसची खोली दिली. कायद्याच्या पुस्तकांची कपाटे, मधे मोठे टेबल आणि त्याभोवती ही पोरे. आम्ही कोपऱ्यात फायली चाळत बसलो होतो, पण कान तिकडेच होते. अडीच तास बैठक चालली.

पहिला पाऊण तास साध्या गोष्टींत गेला आणि त्याच सर्वांत अवघड ठरल्या. दर शनिवारी की एक आड शनिवारी? किती जण गैरहजर असले तर खेळ रद्द? ऑफिसातल्या मुलीला शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हते, म्हणून साडेनऊला काटेकोर बंद. मोबाइल कपाटावर. भाषा मराठी-हिंदी मिसळून, पण समजले नाही तर 'समजले नाही' म्हणायला कोणी लाजायचे नाही, हे मास्तरांनी सुचवले. पुस्तक आणि फासे यांचा खर्च कोणी करायचा, यावर सूत्रधार म्हणाला माझ्याकडे आहेत, कोणी काही घ्यायची गरज नाही. हे आम्हाला बरे वाटले. ज्याच्याकडे पुस्तक नाही तो खेळात दुय्यम, असे होता कामा नये.

मग जेवणाचा प्रश्न आला. उल्हासनगरचा मुलगा सहज म्हणाला, "येताना मी बिर्याणी आणत जाईन." खोलीत क्षणभर शांतता. ऑफिसातल्या मुलीने सांगितले की खेळ तिच्या खोलीवर ठेवायचा असेल तर घरमालक मांसाहार चालू देत नाही. तिची स्वतःची हरकत नव्हती. सूत्रधाराने स्वतः खात नसल्याचे सांगितले, दुसऱ्याने खाल्ले तर चालेल म्हणाला. मुंबईत आणि उपनगरांत घर शोधलेल्या माणसाला हा विषय किती खोल आहे हे माहीत आहे. वीस मिनिटे गेली. शेवटी ठरले की खेळ आमच्या ऑफिसातच होईल, इथे ज्याला जे खायचे ते खावे. या एका मुद्द्यावर बैठकीआधी कोणी बोलले नसते तर तिसऱ्या शनिवारी कोणीतरी डबा पिशवीतून बाहेर न काढताच परत नेला असता, आणि चौथ्या शनिवारी आलाच नसता.

पुढे खेळाचे बोलणे निघाले. उल्हासनगरच्या मुलाला मारामारी हवी होती. मास्तरांना कोडी आणि राजकारण. ऑफिसातल्या मुलीला 'डोक्याला ताप नको, मजा हवी'. भाचीने सांगितले, "माझ्या पात्राने काही केलं तर त्याने जगात काहीतरी बदललं पाहिजे. नुसतं पाहत बसायचं नाही." पात्र मेले तर चालेल का, यावर बराच वाद झाला. मरणाची भीती नसेल तर मजा काय, असे एकाचे म्हणणे. चार महिने जपलेले पात्र एका फाशाने जाऊ नये, असे दुसऱ्याचे. मधला मार्ग निघाला तो असा की पात्र मरू शकेल, पण सूत्रधार आधी इशारा देईल आणि कसे मरायचे हे तो खेळाडू ठरवील.

नंतर चिठ्ठ्या. प्रत्येकाला दोन कागद मिळाले, कथेत काय नको ते लिहायचे आणि स्टीलच्या डब्यात टाकायचे. ज्याला काही लिहायचे नाही त्याने कोरी घडी टाकावी, पण टाकायच्या सगळ्यांनी. इथे आम्ही तोंड घातले. अक्षरावरून माणूस ओळखू येतो, हे आम्हाला कोर्टात पुरते कळले आहे. तेव्हा सर्वांनी एकाच पेनने आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावे, असे सुचवले. पोरांना ते पटले.

सूत्रधाराने एकेक चिठ्ठी वाचली. लहान मुलांना इजा नको. बलात्काराचा उल्लेखही नको. कोळी नकोत. यावर कोणीतरी फिसकन हसले, तेव्हा सूत्रधाराने "हसायचं नाही, लिहिलं आहे ना" असे म्हणून पुढची उचलली. त्या मुलाविषयी आमचा आदर तिथे वाढला. आयसीयूचे प्रसंग नकोत. तीन-चार कोऱ्या. आणि मग 'जातीवरून अपमान नको' अशी एक चिठ्ठी निघाली. आमची नजर भाचीकडे गेली, तिची मात्र टेबलावर. दोन चिठ्ठ्यांनंतर आणखी एक निघाली, 'जात असली तरी चालेल, पण तिच्याशी लढता आले पाहिजे'.

एकाच डब्यातून दोन! भाचीने कोणती लिहिली होती हे आम्हाला माहीत नाही. तिने एकच लिहिली होती असे धरले तर त्या टेबलावर आणखी कोणीतरी होते. कोण, ते कोणी विचारले नाही. आडनावांवरून आम्ही मनातल्या मनात जे अंदाज बांधून ठेवले होते ते किती कच्चे होते हे तेवढ्यात आमच्या ध्यानात आले आणि आम्ही पुन्हा फाइलीत डोके घातले.

दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या विरोधात जात होत्या. त्यांनी त्यावर अर्धा तास बोलून असे ठरवले की कथेतल्या राज्यात उच्चनीचता असेल, पण खेळाडूच्या पात्राला अपमानित करण्याचा प्रसंग पडद्याआड राहील आणि कोणी त्यावर विनोद करणार नाही. जी उच्चनीचता दाखवली जाईल ती मोडायचा मार्गही कथेत असलाच पाहिजे, तो मार्ग बंद करण्याचा अधिकार सूत्रधाराला नाही. या शेवटच्या वाक्यासाठी भाचीने आग्रह धरला. सूत्रधार म्हणाला, "मग मला गोष्ट पुन्हा लिहावी लागेल." आणि त्याने वहीत लिहून घेतले.

या सगळ्यावर आक्षेप काय घेतले जातात तेही सांगायला हवे. आमच्याच चळवळीतल्या एका जुन्या मित्राला हे सांगितले तर ते म्हणाले, "आम्ही दगड खाल्ले, आणि ही पोरं खेळताना दुखू नये म्हणून चिठ्ठ्या लिहितात!" हा आक्षेप आम्हालाही सुरुवातीला सुचला होता. पण दगड खाणारा माणूस ठरवून मोर्चात गेलेला असतो, दगड येतील हे त्याला माहीत असते. शनिवारी खेळायला बसलेल्याच्या डोक्यात दगड का पडावा? दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचाच असतो. आधी सगळे ठरवले तर खेळातला थरार जातो. कबड्डीच्या मैदानावर फक्कीने रेषा आखल्याशिवाय पंच शिट्टी वाजवीत नाही. त्या रेषांमुळे चढाईतला थरार गेला, असे आजवर कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कथा काय घडेल हे या बैठकीत ठरत नाही. कोणत्या मैदानावर घडेल एवढेच ठरते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर मोठे वादळ उठले होते. हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो, अशी आवई धार्मिक संघटनांनी आणि काही पालकांनी उठवली. सैतान काही सापडला नाही. टेबलाबाहेरून आरडाओरडा करणाऱ्यांनी, टेबलावर कोणाला काय सोसावे लागते, हे मात्र विचारले नाही. ते खेळणाऱ्यांनीच एकमेकांना विचारायला सुरुवात केली.

या बैठकीचे दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१९ साली मॉन्टी कुक गेम्स या अमेरिकन कंपनीने संमतीविषयी एक छोटी पुस्तिका मोफत वाटली, तिच्यात एक तक्ता आहे. कोणता विषय चालेल, कोणता जपून, कोणता अजिबात नाही, यावर खुणा करायच्या. चांगला तक्ता आहे. त्यात वंशवाद आहे, लिंगभेद आहे, पण जात लिहायची तर ती आपल्यालाच रिकाम्या ओळीत लिहावी लागते. तिकडून आलेले कागद जसेच्या तसे भरून भागणार नाही. दुसरे म्हणजे कागद भरला की काम संपले, अशी समजूत होते. बँकेत कर्जाच्या कागदावर आपण चाळीस सह्या करतो आणि एकही पान वाचत नाही, तसे इथेही होऊ शकते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. आपल्याला काय दुखेल हे माणसाला आधी माहीत असतेच असे नाही. पुण्यात पहिल्या दिवशी कोणी भाचीला विचारले असते तर तिने कदाचित 'काही नाही' असेच सांगितले असते. म्हणून पहिल्या दिवशी दिलेला होकार कायमचा धरता येत नाही, तो मधेच काढून घेता आला पाहिजे. फुलीचे कार्ड त्यासाठीच टेबलावर पडून राहते.

शेवटी आम्ही एक वकिली प्रश्न विचारलाच. सूत्रधारानेच रेषा ओलांडली तर दाद कोणाकडे मागायची? पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. याचा विचार त्यांनी केला नव्हता. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाबाबत विशाखा निकाल १९९७ साली आला, त्यात तक्रार समिती ही तक्रार येण्याआधीच नेमलेली असली पाहिजे हे सूत्र होते. पोरांची समिती नेमायची तयारी नव्हती. त्यांनी त्यांच्या परीने तोडगा काढला की प्रत्येक शनिवारी खेळ संपल्यावर दहा मिनिटे बसायचे, आणि त्या दहा मिनिटांत सूत्रधाराने फक्त ऐकायचे, उत्तर द्यायचे नाही. हा तोडगा पुरेसा आहे की नाही याबद्दल आम्हाला शंका आहे, आणि तसे आम्ही त्यांना सांगितले आहे.

त्यानंतर आजवर अकरा शनिवार झाले. भाचीने या वेळीही ऑर्कच घेतला आहे. आम्ही विचारले, "पुन्हा तोच का?" ती म्हणाली, "मामा, मागचा अर्धा राहिला होता." कथेतल्या राज्यात एक धरण आहे, त्याच्या पाण्यावर एका घराण्याचा ताबा आहे, आणि पाच जणांचा गट सध्या त्या धरणाच्या दरवाज्याशी पोहोचला आहे, एवढे आम्हाला कळते. शनिवारी संध्याकाळी पक्षकार आले तर त्यांना आम्ही आतल्या खोलीत बसवतो.

कार्डाला आतापर्यंत एकदाच हात लागला. सहाव्या शनिवारी, उल्हासनगरच्या मुलाचा. मारामारी हवी म्हणणारा तोच. सूत्रधार एका म्हाताऱ्या सैनिकाच्या आजारपणाचे वर्णन करत होता, ते त्याने तिथेच सोडले आणि सैनिकाला गावी पाठवून दिले. खेळ पुढे चालू झाला. दहा मिनिटांच्या बैठकीतही त्यावर कोणी काही बोलले नाही. साडेनऊला सगळे उठले, तेव्हा मास्तरांनी त्या मुलाला स्टेशनपर्यंत गाडीवर सोडले.